धुतलेलं मीठ

आज सकाळी आईनं गच्चीत ताटभर धुतलेलं खडेमीठ वाळत घातलं आणि माझा हात आपोआप गळ्याकडे गेला. मी शाळेत असताना एकदा गलगंडाची तपासणी होती, त्या दिवशी प्रत्येकीनं घरचं चिमूटभर मीठ आणलेलं. डॉक्टरीणबाईंनी त्यावर थेंब टाकले. सगळ्यांचं मीठ जांभळं झालं, माझं पांढरंच राहिलं. “वरचं बटण काढ, गिळ बघू,” त्या म्हणाल्या. मी आवंढा गिळला आणि गळ्यावरची गाठ अख्ख्या वर्गासमोर वरखाली झाली. “आयोडीनचं मीठ आणत नाही का गं घरात?” “आणतोय की! पण मळकं असतंय म्हणून आई धुऊन वाळवती.” “अगं, मग आयोडीन मोरीत गेलं सगळं!” घरी आई दारातच उभी होती. “काय म्हणल्या?” खरं सांगितलं तर ती कोलमडणार, नाही सांगितलं तर रात्रीच्या आमटीत तेच मीठ. “काय न्हाय,” मी म्हणाले. गाठ दिसून लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून ती रोज लावायची ते माझं गळ्याचं बटण तिनं पुन्हा लावलं. त्या गाठीच्या माझ्या गोळ्या अजून चालू आहेत. आज माझ्या मुलीनं विचारलं, “आजी, मीठ का धुतेस?” आई कौतुकानं म्हणाली, “तुझ्या आईला असंच धुऊन घातलंय मी. आता तुलाबी घालतो.”