फणसाची हरकत

आगाशीला आमच्या वाडीच्या कडेला एक फणस होता. आईने लग्न होऊन आल्यावर लावलेला. पुढे मोजणीत तो शेजारच्या काकांच्या हद्दीत गेला, तरी सगळी आळी तो आमचाच धरून चालायची. काकांच्या घरी दरवर्षी कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी आईच पाठवायची.

आई पेपर मागच्या पानापासून वाचते. आधी जाहीर सूचनांचं पान. कोणाची जमीन विकली जातेय, कुठलं झाड तोडायला अर्ज आलाय, हे आळीला तिच्याकडूनच कळायचं. त्या उन्हाळ्यात काका अधूनमधून कुंपणाशी येऊन विचारायचे, "वहिनी, आपल्याकडचं काही आलंय का पेपरात?" आई नाही म्हणायची. खरंच काही आलेलं नव्हतं.

मी नायगावला टॉवरमध्ये राहते. एका रविवारी वाडीवर गेले तर फणसाच्या जागी चिकाने माखलेला बुंधा आणि भुसा. आई पडवीत बसली होती. मी तशीच काकांकडे गेले. त्यांना गाडी ठेवायला जागा हवी होती. परवानगी रीतसर काढली होती, हरकतींना मुदत होती, कोणीच हरकत घेतली नाही, असं ते शांतपणे सांगत होते.

"सूचना कुठे दिली होती?" मी विचारलं.

"ऑनलाइन. आता पेपरात देत नाहीत." आणि ते हसले.

इतके दिवस कुंपणाशी येऊन ते काय चाचपत होते, ते मला त्या हसण्यात कळलं. घरी येऊन मोबाइलवर शोधलं. बऱ्याच खटपटीनंतर एक तिरका स्कॅन केलेला कागद सापडला. सूचना होती. आईचा फोन साधा, बटणांचा. तिला ती कधी दिसणार होती?

त्या दिवसापासून सकाळच्या चहाबरोबर मी मोबाइलवर त्या ऑनलाइन सूचनांचं पान उघडू लागले. गावाच्या भल्यासाठी वगैरे नाही. मला काका हवे होते.

दिवाळीनंतर ते सापडले. बोळिंजला एका भागीदाराबरोबर ते इमारत बांधणार होते आणि रस्त्याकडच्या जुन्या चिंचा तोडायला त्यांनी अर्ज केला होता. मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हरकत घे. आणि तुझं नाव ठळक लिही."

माझ्या एकटीच्या हरकतीवर माझं समाधान होणार नव्हतं. त्या चिंचांसमोरच्या सोसायट्यांमध्ये मी या नव्या सूचनेच्या प्रती घेऊन गेले. कोणालाच पत्ता नव्हता. एक निवृत्त गृहस्थ, यात तर काहीच आलं नाही, म्हणत रोजचा पेपर पुढे करून मला खोटं पाडायला निघाले होते. मोबाइलवर सूचना दाखवल्यावर पहिली सही त्यांनी केली. मग बायका जिन्यातून खाली येऊन सह्या करू लागल्या. लोकांचा राग वाढत होता आणि तो मी वाढू दिला.

सुनावणीच्या आधी काका आमच्या पडवीत आले. उभेच राहिले, कारण आईने बसा म्हटलं नाही. भागीदार मागे हटतोय, पोरीला समजवा, असं ते बराच वेळ सांगत होते. आई केळफूल सोलत होती. शेवटी म्हणाली, "फणस उभा करा भावोजी, मग सांगते तिला."

सुनावणीला सोसायट्यांतली माणसं खोलीत मावली नाहीत. मी मुद्दाम काकांच्या समोरची खुर्ची धरली. परवानगी नाकारली गेली आणि भागीदाराने त्याच महिन्यात अंग काढून घेतलं. आता प्लॉटवर गवत वाढलंय. चिंचा उभ्या आहेत.

काका आता आमच्या फाटकाकडे बघत नाहीत. त्यांची गाडी निघायच्या वेळी आई मुद्दाम झाडू घेऊन अंगणात येते आणि गाडी वळेपर्यंत एकटक बघत राहते. ते काच वर करून घेतात. जाऊ दे म्हणणारे नातेवाईक पुष्कळ आहेत. आम्ही दोघी जाऊ देणार नाही.