नावं ठेवणारे दातार सर

दातार सरांबरोबर पनवेलच्या बाजारात जायचं म्हणजे अर्ध्या तासाच्या कामाला सगळी सकाळ द्यायची. वाटेत कुणी ना कुणी पाया पडायचा आणि विचारायचा, "सर, ओळखलंत?" सर डोळे बारीक करायचे. "आपट्याचा आदित्य. शाळा बुडवून पाताळगंगेत पोहणारा!" टक्कल पडलेला, पोट सुटलेला तो आदित्य असा काही खुलायचा की सरांच्या हातातली भाजीची पिशवी घेऊन थेट रिक्षापर्यंत पोचवायला यायचा.

आमच्या शाळेत ते भूगोल शिकवायचे, मी मराठी. मी नवी लागले तेव्हा मला मुलांची नावं पाठच व्हायची नाहीत. "ए, निळ्या दप्तरवाली, ऊठ," असं म्हणून वेळ मारून न्यायची. सरांनी ते एकदा व्हरांड्यातून ऐकलं. मधल्या सुट्टीत म्हणाले, "बाई, पोस्टमनसुद्धा दप्तराच्या रंगावर पत्र टाकत नाही. नाव, गाव आणि एक खूण. तिन्हींची गाठ मारून टाका. जन्मात सुटायची नाही."

जूनमधल्या पहिल्या तासाला ते धडा काढायचेच नाहीत. एकेकाला उभं करून नाव विचारायचे, गाव विचारायचे, काय आवडतं ते विचारायचे आणि तिथल्या तिथे जुळवून टाकायचे. करंजाड्याची केतकी, कैरी खाते. बेलपाड्याचा भूषण, भोवरा फिरवतो. वर्ग हसायचा, मूल लाजायचं आणि तास संपेपर्यंत सगळा वर्ग सरांना तोंडपाठ. आपल्याला सरांनी काय नाव ठेवलं हे मुलं घरी जाऊन कौतुकानं सांगायची. आम्ही शिक्षक त्यांना गमतीनं म्हणायचो, "सर, तुम्ही तर शाळेतले नावं ठेवणारे." त्यावर ते खळखळून हसायचे.

एका वर्षी आठवीत सानिका आली. उरणच्या बाजूला खाडीकाठी तिचं गाव, वडील मासेमारी करणारे. तब्येतीनं किरकोळ, आवाज मात्र खणखणीत. "काय आवडतं?" सरांनी विचारलं. "सुकट," तिनं सरळ सांगून टाकलं. वर्ग फुटला. सरही हसले. "झालं! सुकटीची सानिका. आता नाही विसरत."

ते विसरले नाहीत. वर्गही विसरला नाही. आठवडाभरात 'सानिका' गळून पडलं आणि नुसतं 'सुकट' उरलं. नव्या इमारतींमधून येणारी मुलं ती जवळून गेली की नाकाला रुमाल लावायची. ती खिडकीशी एकटी बसायला लागली. डबा आणणं तिनं बंद केलं. हे सगळं आम्हाला नंतर कळलं. सर तासाला "काय सुकटीची सानिका, सह्याद्रीचे घाट सांग," म्हणायचे आणि ती खाली बघून बरोबर उत्तर द्यायची. सरांना वाटायचं, पोर लाजाळू आहे.

दिवाळीची सुट्टी संपली तरी ती आली नाही. मग एके दिवशी तिचे वडील शाळेत आले. शिक्षकांच्या खोलीच्या दारात चपला काढून उभे राहिले.

"दातार सर कोन?"

सर उठले. "या, बसा ना."

"बसत नाय. मी सानिकाचा बाप. पोर शालेत यायला नाय बोलते. दिसातून दोनदा आंघोल करते. आयशीला सांगते, दारात सुकट वालवू नको. मंग आमी खायाचा काय?"

सरांना काही उमगेना. "पण झालं काय?"

"तिचा नाव आमी ठेवलाय, सर. बारशाला गाव जेवला हाय. तुमी कशाला दुसरा ठेवला?"

खोलीत आम्ही पाचसहा जण होतो. जो तो वह्या तपासायला लागला. सर कसंबसं म्हणाले, "अहो, मी ते प्रेमानं…"

"तुमी प्रेमानं ठेवला आसंल. पन पोरा प्रेमानं हाक नाय मारत ना."

ते रागावलेलेही नव्हते. तेवढं बोलून चपला घालून निघून गेले. सर खुर्चीत बसले. नंतरचे दोन तास त्यांनी घेतले नाहीत.

रविवारी ते मला म्हणाले, "बाई, तुम्ही बरोबर चला. एकट्यानं जायचं धाडस होत नाही." आम्ही स्कूटरवरून गेलो. अंगणात सानिकाची आई होती. तिनं पाणी दिलं, चहा टाकला. पण सानिका आतल्या खोलीतून बाहेर येईना. अखेर सर त्या बंद दारापाशी जाऊन उभे राहिले.

"सानिका, मी चुकलो बाळा. मला माफ कर."

आतून तोच खणखणीत आवाज आला. "सर, नाव तुमी वर्गात ठेवलात. माफी इथं कशाला मागता?"

दुसऱ्या दिवशी आठवीच्या वर्गात उभं राहून त्यांनी माफी मागितली. मी दारात होते. ते बोलत असताना मागच्या बाकावर कुणीतरी हळूच "सुकट" म्हटलं आणि दबकं हसू पसरलं. सरांनी ते ऐकलं. खडू ठेवून ते बाहेर आले. म्हणाले, "मी लावलेलं आहे ना, मला उपटता येत नाही."

सानिकानं दाखला काढून उरणकडच्या शाळेत नाव घातलं.

त्यानंतर सरांनी गाठी मारणं सोडलं. सकाळी फाटकाशी उभे राहायचे आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाला विचारायचे, "तुझं नाव काय? तुला काय म्हणून हाक मारू?" दुसऱ्या दिवशी चुकायचे, पुन्हा विचारायचे. दिवाळी आली तरी निम्मी नावं अडायची. मुलं हसायची, दातार सर म्हातारे झाले, असं नव्या मुख्याध्यापिकाही बोलून गेल्या. सरांनी कुणाला काही सांगितलं नाही. एक नवा शिक्षक त्यांच्याकडे युक्ती विचारायला आला, तेव्हा म्हणाले, "युक्ती नाही. विचारत राहायचं. लाज वाटली तरी विचारायचं."

ते निवृत्त झाल्यालाही आता काही वर्षं झाली. ते आमच्याच सोसायटीत राहतात. परवा संध्याकाळी माझ्याकडे आले. कोपराच्या खळग्यात कापूस चिकटवलेला. साखर तपासायला रक्त देऊन आले होते. बसले, पण पाणीही घेईनात.

"रक्त घेणारी मुलगी सानिका होती," ते म्हणाले. "मास्क खाली करून हसली. म्हणाली, सर, ओळखलंत?"

"मग?"

"पाहताक्षणी ओळखलं हो. नावही येत होतं. पण तोंडात आधी दुसरंच आलं. इतक्या वर्षांनंतरही आधी तेच! ते गिळेपर्यंत वेळ गेला. तिला वाटलं, मी विसरलो. म्हणाली, 'असू दे सर, किती मुलांची नावं लक्षात ठेवणार तुम्ही?'"

"तुम्ही काय म्हणालात?"

सरांनी हातावरचा कापूस काढून मुठीत धरला. "म्हटलं, हो गं, वय झालं. विसरतो हल्ली."