करडा चौकोन

नगररचना कचेरीत त्याला सगळे ‘रंगारी’ म्हणत, कारण वीस वर्षं तो नकाशेच रंगवत आला होता. घरं पिवळी, दुकानं-गोदामं लाल, स्मशान करडं. आता रंग संगणकावर गेले तरी चिडवणं काही सुटलं नाही. नव्या कामात शहराचे बारीक चौकोन पाडले होते. प्रत्येक चौकोन आपल्या आठ शेजाऱ्यांकडे बघायचा. पाच लाल झाले की तोही लाल. हा नियम रंगाऱ्यानंच हौसेनं घातला होता. लाल दिसेल तिथं कचेरी घरांच्या जागी दुकानांना परवाने देणार होती.

एका दुपारी त्यानं पुढची दहा वर्षं संगणकावर चालवून पाहिली. कोपऱ्यावरचं गोदाम, मग शिंपीकाकांचं घर, असं करत लाल रंग त्याच्याच दाराशी येत होता. सातव्या वर्षी त्याचं घरही लाल झालं. त्या घरात आई राहत होती. तिला दिसत नव्हतं. भिंतीला हात लावून ती चुलीपर्यंत जायची. दुसऱ्या घरात तिचं काय झालं असतं?

भीतीपोटी त्यानं अक्कल गहाण ठेवली. स्मशान कधी बदलत नाही आणि त्याच्या शेजारी दुकान थाटायला कुणी धजत नाही, हेही त्यानंच यंत्राला शिकवलं होतं. इकडंतिकडं बघत त्यानं आपला चौकोन करडा केला. गल्ली पिवळीच राहिली. त्याच्या जीवात जीव आला.

नकाशा लोकांच्या हरकतींसाठी कचेरीच्या भिंतीवर लागला. तिसऱ्या दिवशी शिंपीकाका धापा टाकत आले.

“अरे, आपल्या गल्लीत स्मशान होतंय म्हणे! मी तर घर विकायला काढलं. गोदामवाला घेतोय. त्याच्या पोत्यांना कसली आलीय भुताची भीती!”

“काका, थांबा जरा. तसं काही नाही.”

“मग नकाशात कसं आलं?”

रंगाऱ्यानं खरं सांगितलं तर नोकरी जाणार होती, आणि आईला तोच एक आधार. तो गप्प बसला. त्या गप्प बसण्याची त्याला फार लाज वाटली.

काकांचं बघून इतरांनीही हाय खाल्ली आणि एकेक घर गोदामवाल्याला विकलं. आई रोज संध्याकाळी दारात खुर्ची टाकून बसायची, पावलांवरून माणसं ओळखायची.

“आज कुणीच कसं गेलं नाही रे?” तिनं विचारलं.

“येतील, आई,” तो म्हणाला, आणि कुलूप लागलेली शेजारची दारं मोजू लागला. पाच झाली होती.