भाऊजींनी मशीनला शिकवलेले रंग

जगात रंग खऱ्या अर्थानं दोघांनाच कळतात. एक तो वर बसलेला, आणि दुसरे अकोल्याच्या जुन्या शहरात लेस-बटणांच्या दुकानात बसलेले माझे भाऊजी. त्यातही वरच्याबद्दल मी पैज लावणार नाही. वांग्याला जांभळा अंगरखा देऊन त्यावर हिरवी टोपी घातली, हे मॅचिंग भाऊजींना आजतागायत पटलेलं नाही.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरात शिरलं, की दोन माणसं समोरासमोर आल्यावर एकानं भिंतीला चिकटावं अशा गल्लीत त्यांचं दुकान आहे. दुकान कसलं, खणांची भिंतच ती. जमिनीपासून छतापर्यंत लाकडी खण, आणि एकेका खणात एकेका रंगाची बटणं, लेस, पायपिंग, दोरा. खणावर चिठ्ठी नाही, आकडा नाही, साधी खडूची रेघ नाही. कुठं काय आहे ते एका भाऊजींनाच ठाऊक. मी पहिल्यांदा त्या दुकानात गेले तेव्हा बावीस वर्षांची होते, नुकतीच बीएस्सी होऊन अमरावतीच्या एका शाळेत शिकवायला लागले होते आणि माझ्या मते मला सगळंच येत होतं. ताईचं लग्न होऊन महिना झालेला. मी ब्लाऊजपीस काउंटरवर टाकलं आणि वर्गात फळा पुसायला सांगावा तशा आवाजात म्हटलं, "आकाशी बटणं द्या."

भाऊजींनी विचारलं, "कोन्त्या महिन्यातलं आभाळ?"

मला वाटलं, मेहुणीची चेष्टा चालली आहे. मग मी त्यांना पांढरा प्रकाश, लोलक आणि त्यातून निघणारे सात रंग यांवर एक छोटंसं व्याख्यान दिलं. मागे दोन बायका लेस घ्यायला खोळंबल्या होत्या, त्यांनाही त्याचा लाभ झाला. भाऊजींनी मान हलवत शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "सातच? बाप्पा! मंग बाकीचे कोन आणून ठेवले?" असं म्हणून त्यांनी डाव्या हाताचा एक खण न पाहताच ओढला. "हे घ्या. पोळ्याच्या आसपासचं आभाळ हाय तुमचं." बटण कापडावर ठेवलं आणि ते कापडात विरघळूनच गेलं. त्या दिवसापासून मी त्यांची 'मास्तरीणबाई' झाले. हा सन्मान नव्हता हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

त्यांच्या रंगांना नावं होती, आणि ती सगळी वऱ्हाडातच उगवलेली. हिरव्याचे त्यांच्याकडे चाळीसेक खण असतील. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या पानाचा, तुरीच्या कोवळ्या शेंगेचा, घाट्यातल्या हरभऱ्याचा, अंबाडीच्या भाजीचा आणि तीच भाजी शिजल्यावरचा. नारिंगीत अंबिया बहाराचं संत्रं वेगळं, मृगाचं वेगळं, आणि दोन्हीत गल्लत करणारं गिऱ्हाईक सून म्हणून घरात आणायच्या लायकीचं नाही, असं त्यांचं मत. चार वाजल्यानंतर ते रंग विकत नसत. "चारनंतर उजेड खोटं बोलते," म्हणत. मग फक्त हूक, इलास्टिक, काळं आणि पांढरं. तेल्हाऱ्याहून आलेली एक बाई एकदा साडेचारला पोचली, मुलीचा हळदीचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी, बाई रडकुंडीला आली. भाऊजींनी तिला रंग दिला नाही. तिला ताईकडे जेवायला घातलं, रात्री घरी ठेवून घेतलं आणि सकाळी सातच्या उन्हात गल्लीत उभं करून पायपिंग दिलं. बाई पहिल्या गाडीनं गेली. पुढे ताईला त्या मुलीच्या बाळाच्या बारशाचंही बोलावणं आलं.

लग्नाकार्यात मात्र त्यांना नेणं म्हणजे जीवाला घोर. अमरावतीत आमच्या एका नात्यातल्या लग्नात वरमाईच्या ब्लाऊजची पायपिंग साडीच्या काठापेक्षा जराशी उजळ होती. इतर कुणालाही दिसलं नसतं. भाऊजी पंगतीत वरमाईकडे पाठ करून बसले. ताईनं दटावलं, "सरळ बसा ना!" तर म्हणाले, "तिकडं तोंड केलं की घास उतरत नाही." शेवटी उठून वरमाईलाच सांगून आले, "अकोल्याले या, बदलून देतो." वरमाई तीन वर्षं ताईशी बोलल्या नाहीत, पण पायपिंग बदलून घेऊन गेल्या.

अशा माणसाला डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, की पडदा मधोमध झिजतो आहे. कडेकडेचं दिसत राहील, मधलं जाईल, आणि त्याआधी रंग जातील. वर्ष, फार तर दीड वर्ष.

ताईचं म्हणणं, आता दुकानाला कुलूप घाला. मुलाची नोकरी होती, त्याला लेसमध्ये रस नव्हता. पण सून, वैशाली, वरुडची, संत्र्याच्या बागेत वाढलेली आणि जिद्दीची. ती म्हणाली, "मामाजी, मी चालवतो ना दुकान."

"चालवशीन वो," भाऊजी म्हणाले, "पण खण तं सारे माह्या डोक्यात हायेत. डोकं कसं देऊ तुले?"

त्यावर वैशालीनंच तोड काढली: बिलाचं मशीन घ्यायचं. हल्ली दुकानादुकानांत असतं तेच, पीओएस म्हणतात त्याला. बिल तर निघतंच, पण कुठला माल कुठल्या खणात, किती उरला, हे सगळं त्यात भरून ठेवता येतं. भाऊजींचे डोळे आहेत तोवर त्यांनी सांगायचं आणि मशीननं लक्षात ठेवायचं. नाही जमलं, तर ताईचं कुलूप तयारच होतं.

मशीन निवडायला अर्थातच मला बोलावलं गेलं. खरं तर कुणी बोलावलं नव्हतं. मीच अमरावतीहून गाडी धरून गेले. मी एका वहीत तक्ता आखला, प्रत्येक मशीनला शंभरपैकी गुण. पहिला विक्रेता आला तो मोठं चकचकीत मशीन घेऊन, एक पडदा दुकानदाराकडे, एक गिऱ्हाईकाकडे. मला म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडे पाहून रिटायर झालात असं वाटत नाही." मी तेव्हा अवघी अडुसष्ट वर्षांची होते, आणि त्या वयात मुली फसतात. मी त्याला ब्याण्णव गुण दिले.

भाऊजींची परीक्षा वेगळी. त्यांनी विचारलं, "पाव मीटर लेस इकता येते?" मशीन म्हणालं, कमीत कमी एक. "सहा बटणं नेली, एक वापस आलं, तं?" पूर्ण बिल रद्द करा. "याच्यावर ते पट्ट्यापट्ट्याचं कागद चिकटवाचं म्हणता ना?" त्यांनी एक बटण तळहातावर ठेवलं. बारकोडचा कागद बटणाच्या दुप्पट होता. मग त्यांनी मशीनमधून निघालेलं बिल घेतलं आणि गच्चीवरच्या टिनावर, अकोल्याच्या मे महिन्यात, विटेखाली ठेवलं. तासाभरानं कागद काळवंडला आणि अक्षरं त्यात बुडाली. "याले आपलं ऊन सोसत नाही," भाऊजी म्हणाले, "घेऊन जा भाऊ."

दुसरं मशीन इंटरनेट गेलं की मुकं व्हायचं. तिसऱ्याला रंग विचारले, तर त्यात सोळा तयार रंग होते आणि सतरावा घालायची सोय नव्हती. भाऊजींनी त्या माणसाला चहा पाजला. मला वाटतं, त्याची त्यांना कीव आली होती.

चौथा आला तो घामाघूम, जाडसर, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेला. त्यानं मशीन पिशवीतून काढलंच नाही. आधी विचारलं, "काका, तुमच्याकडे गिऱ्हाईक माल मागते कसं?" भाऊजी दोन तास सांगत राहिले. मग त्यानं एक लहानसं, बॅटरीवर चालणारं मशीन काढलं. पाव मीटर मोडायचं, एक बटण परत घ्यायचं, फोटो ठेवायचं, आणि मालाचं नाव मराठीत हवं तेवढं लांब लिहू द्यायचं. मी त्याला एक्कावन्न गुण दिले होते, कारण मशीनचा रंग मला आवडला नाही. भाऊजींनी तेच घेतलं.

आता माझा पराक्रम. भरायचं काम मी अंगावर घेतलं. वैशालीला दुकान बघायचं होतं आणि माझं टायपिंग चांगलं आहे, असं मीच सगळ्यांना सांगितलं होतं. भाऊजी स्टुलावर चढून एकेक खण काढायचे, उन्हात धरायचे आणि बोलायचे. मी टाइप करायचे. पण माझ्यातली मास्तरीण गप्प बसेना. 'शिजल्या अंबाडीचा' असं बिलावर छापून आलं तर लोक काय म्हणतील? म्हणून मी शुद्ध, नेटकं, क्रमवार लिहिलं: हिरवा एक, हिरवा दोन, नारिंगी तीन. चिठ्ठ्या करून खणांवरही चिकटवल्या. दोन महिने खपले आणि अर्धं दुकान सुतासारखं सरळ केलं. माझं मलाच इतकं कौतुक वाटलं, की परतताना गाडीत शेजारच्या बाईलाही सांगितलं.

श्रावणातले सण आले आणि वैशालीचा फोन. "मावशी, एकही रंग सापडून नाही राहिला. गिऱ्हाईक म्हणते तुरीच्या शेंगेचा द्या. मशीनमधे हिरवा एकोणीस हाय. कोन्ता देऊ?"

मी दुसऱ्या दिवशी अकोल्याला. भाऊजी खणांसमोर बसले होते. त्या दोन महिन्यांत डोळ्यांनी बरंच मागे घेतलं होतं. ते खण काढत, मान तिरपी करून कडेनं पाहत, आणि परत ठेवत. मी रागाची वाट पाहत उभी राहिले. ते एवढंच म्हणाले, "मास्तरीणबाई, तुमी हजेरी घेतली. पोरांची नावं नाही इचारली."

तेवढं पुरलं. मी ताईच्या स्वयंपाकघरात जाऊन रडून आले.

मग सगळं पहिल्यापासून. या वेळी टाइप वैशाली करायची, मी फक्त खण द्यायचे. जिथं डोळ्यांनी भागेना तिथं भाऊजी जागेवरून आठवत: खालून चौथी ओळ, कडेचा, तो घाट्यातला हरभरा. कधी बटणाच्या भोकांवरून अंगठा फिरवून सांगत. कधी रंगापेक्षा माणूस आधी आठवे. अमकीच्या ओटीभरणाला दिला होता, म्हणजे तो ज्वारीच्या हुरड्याचा. पावसाळा संपेपर्यंत आम्ही बसलो. बहुतेक सगळं परत आलं. सात खण मात्र आले नाहीत. त्यांची नावं त्यांना आठवली नाहीत आणि डोळ्यांना ते आता सगळे एकसारखे राखाडी होते. मशीनमध्ये ते सात मी लिहिल्याप्रमाणेच राहिले. ते दोन महिने मी खाल्ले नसते, तर तेही आले असते. हे मला कुणी बोलून दाखवलं नाही. म्हणून मी इथं लिहून ठेवते.

दुकानाला कुलूप लागलं नाही. वैशालीनं ते चांगलं धरलं आहे. भाऊजी काउंटरच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसतात. समोर आलेल्याचा चेहरा त्यांना दिसत नाही, कानांच्या कडा दिसतात म्हणे. तरी सोडवत नाही. परवा गेले होते, तेव्हा एक तरुण मुलगी फिकट निळं कापड घेऊन आली. वैशालीनं मशीनवर बोट फिरवलं आणि स्वतःशीच पुटपुटली, "सुकत आलेला बोर्डो... तिसरी ओळ."

भाऊजींनी मान वर केली. "हे काय वो? हे नाव मी नाही सांगितलं."

वैशालीनं माझ्याकडे चोरून पाहिलं. "ते निळा चार होतं ना मामाजी, मावशीनं लिहिलेलं. मले काही सापडे नाही त्याच्यात. आमच्या बागेत संत्र्याच्या खोडाले बोर्डोचा लेप लावतात ना, बुरशी लागू नाही म्हणून. तो ओला असला की निळा दिसते, अन् सुकत आला की असा होते. म्हणून मीच टाकलं." मग विचारलं, "चुकलं का?"

"आन इकडं."

तिनं एक बटण त्यांच्या हातावर ठेवलं. भाऊजींनी ते डोळ्यांजवळ नेलं, मान इकडे केली, तिकडे केली, मग नाद सोडून मुठीत धरलं. गिऱ्हाईक मुलीनं कापड काउंटरवर पसरलं.

"तुह्या सोयरिकीले वरुडले आलो होतो," भाऊजी शेवटी म्हणाले, "तवा अख्खा दिवस संत्रीच पाहत बसलो. खोडाकडं पायलंच नाही."

मग ते बटण त्यांनी काउंटरवर ठेवलं, चाचपत मुलीच्या दिशेनं सरकवलं आणि विचारलं, "किती देऊ?"