चिंचेच्या सावलीतली निवडणूक

आज मी काळा कोट घालतो तो मोठमायमुळे. मोठमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. नागभीडच्या बाजारात मासोळी विकून तिनं मला वकील केलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं.

राज्याचा महाधिवक्ता राज्यपाल नेमतात. आमच्या गावापुरता कायद्याचा मोठा माणूस, म्हणजे तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष, ग्रामसभा निवडते. तिथं ना पक्ष, ना चिन्ह. त्या उन्हाळ्यात मोठमाय उभी राहिली. तळ्यात आधी जाळं कुणी टाकायचं, यावरून गावातल्या दोन टोल्यांचं, म्हणजे वस्त्यांचं, बोलणं बंद होतं. तिची मुलगी, माझी ताई, पलीकडच्या टोलीत दिलेली. ती माहेरी येईनाशी झाली होती.

"मी निवडून आली का पयले तळ्याचं भांडण मिटवीन," मोठमाय म्हणायची, "मंग पोरगी घरी येईल."

समोर उभे होते ताईचे सासरेच.

ग्रामसेवकानं सगळ्यांना पक्षाचे दुपट्टे काढायला लावले. ते कडुनिंबाच्या फांदीवर लटकले आणि वाऱ्यानं एकमेकांत गुंतले. मोठमायकडचे चिंचेखाली बसले, सासऱ्यांकडचे शाळेच्या भिंतीजवळ. कुणाकडे किती डोकी, त्यावरून निकाल ठरणार होता. मोजणी सुरू झाली आणि ऊन सरकलं. भिंतीची सावली आटत गेली, तशी तिथली माणसं बसल्या बसल्याच चिंचेकडं सरकू लागली. कुणी ठरवलं नव्हतं. वाळत घातलेल्या मोहफुलांचा वास येत होता, तळं झोपेत असल्यासारखं चमकत होतं. माझेही डोळे मिटले असावेत. उघडले तेव्हा सगळं गाव एका सावलीत.

"वकीलसाहेब, आता मोजू कसा? कोन कोनाचा?" ग्रामसेवक रडकुंडीला आला.

"सावलीले मत देऊन राह्यले का बे?" सासरे खेकसले.

माझ्या पुस्तकात सावलीचं कलम नव्हतं. मी म्हटलं, एकेका नावाला हात वर करा.

मोठमायच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या ताईनं हात वर केला तो सासऱ्यांसाठी.

"काऊन वो, मायले नाई?" मागून एका बाईनं टोचलं.

"मले त्याच घरी रायचं हाय, बाई!"

मोठमाय थोडक्यात हरली. तिनं ताईचा हात धरून खाली घेतला. "दुखन तो. चाल, घरी जेवून जा."

ताईनं सासऱ्यांकडं पाहिलं. नव्या अध्यक्षांनी खाकरून पहिला निवाडा दिला, "जाय. पर मासोळी मलेबी धाडजो."

चंद्रपूरला परत आल्यावर मी लिहिलं :

"मोठमाय,
फोनवर तू 'जेवला का' इचारून फोन ठेवून देतेस, म्हनून लिहून राह्यलो. ताई वाचून दाखवील. तू माझ्यासाठी टोपलं डोक्यावर घेतलं, ते मी कधी फेडू शकत नाई. बाररूममधी लोकं इचारतात, तुझी मोठमाय कोन्या पक्षाची? मी म्हनतो, मले मालूम नाई. ताई, इथी थांब, तिले पानी दे.

तळ्याचं भांडण अजून मिटलं नाई म्हनतेत. ताई, मिटेपर्यंत तू येत जा. मिटल्यावरबी येत जा."