वास येतो काय? बस्त्यावमास्तरांच्या पंचाहत्तरीनिमित्त

माननीय बस्त्याव कोळी यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी मला घरी हाकलून दिले होते. आयटीआयचे प्रमाणपत्र पिशवीत घालून, केसांना वासाचे तेल चोपडून मी त्यांच्या गॅरेजच्या दारात उभा राहिलो. मास्तरांनी प्रमाणपत्राकडे पाहिलेसुद्धा नाही. म्हणाले, "डोकं धुऊन ये. साबनपन बिनवासाचा लाव. इथं एकाच गोष्टीचा वास आला पायजे." मी फुलपाड्याला घरी परत गेलो, दोनदा डोके धुतले आणि दुपारी पुन्हा हजर झालो. त्याला आता अठरा वर्षे झाली.

या गौरवग्रंथाच्या समितीने मला मास्तरांविषयी लिहायला सांगितले आणि चांगलेच लिहा, असेही बजावले. मास्तरांविषयी वाईट लिहायला मला जागाच सापडणार नाही. पण चांगले लिहिताना माझी एक चूक मध्ये येते. ती गाळली तर मास्तर अर्धेच कळतील, म्हणून ती लिहितो. समितीने रागावू नये.

मास्तर वसईतल्या पाचूबंदरच्या कोळी घरातले. आई मासळी विकत असत. मासा डोळ्यांनी बघून घेणाऱ्यावर त्या हसत आणि नाकाने पारखायला शिकवत. मास्तरांचा हात बसला तो होडीच्या इंजिनांवर. पुढे पेट्रोल आवाक्याबाहेर जाऊ लागले, लोक गाड्यांना गॅसचे किट बसवू लागले, तेव्हा मास्तर त्या कामात शिरले आणि आईने शिकवलेले नाक तिथे कामी आले.

धंदा वाढवण्याची कला मात्र त्यांना कधीच साधली नाही. किट बसवायला कुणी आले की पहिला प्रश्न, "गाडी फिरते किती?" रविवारी चर्चला आणि सणासुदीला नंदाखालच्या सासुरवाडीला, असे उत्तर आले की मास्तर त्या माणसाला चहा पाजून वाटेला लावत. एवढ्याशा फिरण्यात किटचा खर्च भरून यायला नातवंडे मोठी होतील, असे तोंडावर सांगत. मी आत दात ओठ खात बसे. गॅसही महाग होऊ लागला तेव्हा रिक्षावाले गाडी तपासून घेण्याचे टाळू लागले. मग मास्तर साबणाच्या पाण्याची बाटली आणि रंगाचा जुना ब्रश घेऊन सकाळीच गॅसच्या पंपाकडे निघत. बाहेर रस्त्यावर गाड्यांची रांग लागलेली असे. "उभाच हायस, तर गाडी बंद कर, सांधे बघतो," म्हणत एकेका रिक्षाच्या नळीला फेस लावत पुढे सरकत. फेसाला बुडबुडा आला म्हणजे गॅस गळतोय; त्या रिक्षाला रांगेतून बाहेर काढत. शिव्या खात, पण बाहेर काढतच.

गॅरेजमधला त्यांचा रिवाज सगळ्यांना ठाऊक आहे. प्रत्येक सांध्याला फेस लावून झाला की डिकीतले सामान आणि स्टेपनी जागेवर ठेवायची. ते ठेवताना तिथल्या गॅसच्या टाकीच्या नळीला धक्का बसून सांधा सैल होऊ शकतो, म्हणून गाडी लगेच द्यायची नाही. डिकी बंद करून काही वेळ थांबायचे. पंखा बंद, बोलणे बंद, तंबाखूवाला रस्त्यापलीकडे. मग मास्तर डिकी उघडून आत डोके घालत आणि श्वास घेत. मान हलली की गाडी सुटली. आमच्या गॅरेजात उदबत्तीसुद्धा लागत नसे. क्रुसासमोर ते बिनवासाची जास्वंद ठेवत.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी मास्तरांना मोठा ताप आला. बरे होऊन ते कामावर आले आणि काही दिवसांनी दुपारी डबा उघडला. कालवण आंबले होते, मला चार हातांवरून वास आला. मास्तर ते नेहमीसारखे जेवले. पाचूबंदरचा कोळी आंबलेले कालवण जेवतो, याचा अर्थ मला तेव्हाच कळला. मी बोललो नाही. ज्या माणसाच्या नाकावर अर्धी वसई डोळे मिटून गाडी चालवते, त्याला तुमचे नाक गेले हे सांगायचे कुणी? त्यांनी मान हलवली की मी गुपचूप मागे जाऊन स्वतः वास घेत असे. याला मी आदर समजत होतो.

मग एक दिवस मी सांडोरला मावसबहिणीच्या हळदीला गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटकरबाई गाडी घेऊन आल्या. बाई विरारच्या एका शाळेत शिकवतात, गाडीत आणखी तीन शिक्षिका असतात, आदल्या दिवशीच, मी नसताना, मास्तरांकडून तपासून नेलेली गाडी.

"मास्तर, मागून वास येतोय हो."

मास्तरांनी डिकीत डोके घातले. पुष्कळ वेळ घातले. "नाय येत, बाई."

"असं कसं? मला तर मळमळायला लागलं."

मास्तरांनी ब्रश घेतला, सांध्याला फेस लावला. फेस फुगला, फुटला, पुन्हा फुगला. मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारले, "तुला येतो वास?"

"येतो, मास्तर."

"मना येत नाय, हे तुला कवापासून ठावं हाय?"

"दिवाळीपासून."

ते रागावले असते तर मला सोसले असते. ते हळू म्हणाले, "माजी लाज राखलीस. या चार बायांचा जीव कोन राखनार होतं रे?"



त्यानंतर मास्तरांनी जे केले त्यासाठी खरे तर हा गौरव आहे. दिवाळीपासून सुटलेल्या प्रत्येक गाडीच्या मालकाला त्यांनी स्वतः फोन केला. "बस्त्याव बोलतो. माजं नाक गेलंय. गाडी परत दाखवून ने." मी म्हणालो, मास्तर, फेरतपासणी आहे एवढेच सांगा, कारण कशाला? त्यांनी मला हाताने गप्प केले. गाड्या आल्या. मी प्रत्येक पाहिली, सगळ्या ठीक निघाल्या. पण बातमी पसरली आणि पुष्कळ गिऱ्हाइके परत आलीच नाहीत. पाटकरबाई तेवढ्या आल्या, अजून येतात. मास्तरांनी साबणाचा ब्रश माझ्या हातात दिला आणि स्वतःची खुर्ची दाराशी ओढून घेतली.

आता रोज प्रत्येक गाडीमागे ते तिथून विचारतात, "वास येतो काय?" मी "नाही" म्हणतो. उत्तर चटकन दिले की पुन्हा श्वास घ्यायला लावतात. मी गप्प राहून त्यांना एकदा फसवले, आणि माझ्याच शब्दावर ते आता गाडी सोडतात. हे मला फार जड जाते.

गेल्या महिन्यात मला सर्दी झाली. तीन गाड्या तयार होत्या, मालक घड्याळ बघत होते. मास्तरांनी विचारले, "वास येतो काय?" मी सांगितले, "मास्तर, आज मला कळत नाही. नाक बंद आहे." मालक वैतागले. मास्तर उठले, स्वतः शटर ओढले आणि तिघांनाही हात जोडून उद्या यायला सांगितले. संध्याकाळी मी त्यांना दुचाकीवरून पाचूबंदरला सोडायला गेलो. रस्त्याकडेला बोंबील वाळत घातले होते. एरवी तिथून जाताना मास्तर मला वास कसा येतो ते सांगायला लावतात, ओला की कडक, खारा किती. त्या दिवशी त्यांनी विचारले नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आज आपन दोगं सारखे." माझ्या डोळ्यांना पाणी आले. नाक जाणे म्हणजे काय, ते मला तिथे पहिल्यांदा कळले.

माझी सर्दी चार दिवसांत गेली. मास्तरांचे नाक परत येणार नाही, असे डॉक्टर म्हणतात. तेव्हा आपल्या सर्वांच्या वतीने माझे मागणे एवढेच आहे, की मास्तरांनी निरोगी राहून शंभरी ओलांडावी, दाराशी त्यांची खुर्ची असावी आणि प्रत्येक गाडीमागे त्यांनी मला विचारत राहावे. मी आता खरे सांगेन.