यशवंत तळभंडारे यांचा त्याग

बुधवार पेठेतल्या यशवंत तळभंडारे यांनी तरुणपणी एक त्याग केला होता. सोलापुरात हे ज्याला माहीत नसेल, तो एकतर नुकताच बदलून आलेला असावा किंवा ठार बहिरा. त्यांची सगळी नोकरी एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून झाली. नवा कंडक्टर रुजू झाला की पहिल्या चहाबरोबर त्याला तो त्याग ऐकावा लागे, आणि चहाचे पैसेही त्यालाच द्यावे लागत. फक्त ज्या दोघांसाठी त्याग केला, त्यांची नावं ते कुठे घेत नसत आणि त्यांच्यासमोर हा विषयही काढत नसत. माईकवरून "मोडनिंबमार्गे जाणारी गाडी… सुटत आहे" एवढं सांगतानाही यशवंतराव मध्ये असा काही थांबत, की बाजाराला निघालेल्या बायका उगाच डोळ्यांना पदर लावत.

तर तो त्याग असा. यशवंत ऐन विशीत असताना चौकातल्या टॉकीजला एक हिंदी सिनेमा लागला. दोन जिवलग मित्र, दोघांचं एकाच मुलीवर प्रेम, आणि त्यातला एक दुसऱ्यासाठी बाजूला होतो. नुसता होत नाही. आधी गाणं म्हणतो, मग मुलीला आपली किळस यावी म्हणून दारू प्यायल्याचं सोंग करतो, आणि शेवटी खोकत खोकत गाव सोडतो. मुलीला काय हवंय, हे विचारायला तीन तासांत दोघांपैकी कुणालाच सवड होत नाही.

यशवंतने हा सिनेमा दिपक आणि मीना यांच्याबरोबर बघितला. दिपक त्याचा शाळेपासूनचा दोस्त. मीना समोरच्या घरातली, डी.एड. करत होती. यशवंतचा तिच्यावर जीव होता, पण हे त्याने कुणालाही कळू दिलं नव्हतं, मीनालासुद्धा. ती त्याला 'यशवंतदादा' म्हणायची. गल्लीत बोभाटा नको म्हणून म्हणत असणार, अशी त्याने स्वतःची समजूत घालून घेतली होती.

पडद्यावर रडारड सुरू झाली तशी मीनाही रडू लागली आणि दिपकने तिला आपला रुमाल दिला. यशवंतने तो रुमाल पाहिला, मग पडद्यावरचा हिरो पाहिला, आणि मध्यंतराचे दिवे लागायच्या आत त्याचा निर्णय झाला. मागणी घालायची म्हणजे नकाराची धास्ती. त्यागाला कोण नकार देणार?

पुढच्याच रविवारी त्याने कुठूनशी देशी आणली. प्यायचा विचार होता, पण वासच सहन होईना, म्हणून ती शर्टावर ओतून घेतली आणि झोकांड्या खात मीनाच्या दारात जाऊन हिरोचं वाक्य म्हणायला सुरुवात केली. वाक्य अर्धं झालं असेल नसेल, तोवर मीनाचे वडील बाहेर आले. गिरणीतला माणूस, हात भक्कम. त्यांनी दोन कानाखाली दिल्या आणि बखोट धरून यशवंतचं डोकं सार्वजनिक नळाखाली धरलं. सिनेमात नळ नव्हता. पण यशवंतला एकूण प्रसंग रंगल्यासारखा वाटला.

यथावकाश दिपक आणि मीनाचं लग्न झालं. त्या लग्नात यशवंतने ओल्या डोळ्यांनी पंगतीत जिलेबी वाढली. डोळे का ओले, हे कुणी विचारलं नाही, म्हणून दोनतीनदा वाढली.

यानंतर गाव सोडायचं राहून गेलं, कारण एसटीत नोकरी लागली. सिनेमावाल्यांनी एक गोष्ट मात्र सांगितली नव्हती. सोंग संपलं तरी बोभाटा संपत नाही. दारुड्याला पोरगी द्यायला सोलापुरात कुणी तयार होईना. शेवटी पार केम गावाहून स्थळ आलं. तिथवर बातमी पोचली नसावी, असं यशवंत धरून चालला.

छबूबाई घरात आल्या त्या पहिल्याच आठवड्यात त्याने त्यांना आपला त्याग सांगितला. त्या ज्वारी निवडत होत्या.

"मग ती बाई आता कुटं असती?" त्यांनी विचारलं.

"इथंच की. दोन गल्ल्या सोडून."

"मग सोडलं काय तुमी?" म्हणत त्यांनी सुपातला खडा काढून फेकला.

वर्षं गेली. दिपक टेलिफोन खात्यातून, मीनाताई महापालिकेच्या शाळेतून आणि यशवंतराव स्टँडवरून निवृत्त झाले. परवा तोच सिनेमा नव्याने धुऊनपुसून मॉलमधल्या थिएटरला लागला. यशवंतरावांच्या मुलीने, मनालीने, मोबाइलवरून चार तिकिटं काढून दिली. यशवंतरावांनी केस काळे केले, कडक इस्त्रीचा शर्ट चढवला आणि दिपक-मीनाला आग्रहाने बोलावलं. आज मीनाला सगळं उमगणार आणि ती रडणार, याची त्यांना खात्री होती. खिशात स्वतःचा धुतलेला रुमाल होता.

सिनेमा सुरू झाला आणि दिपकराव घोरायला लागले. मीनाताई मन लावून मक्याच्या लाह्या खात होत्या.

"ह्यो हिरो पोटापाण्याला काय करतो?" छबूबाईंनी विचारलं.

"कवी आहे."

"म्हंजे काय करत न्हाय."

हिरो दारूचं सोंग घेऊन आला तेव्हा यशवंतरावांनी हळूच मीनाताईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "हा आपण आधी बघितलाय का हो, यशवंतदादा? मला काहीच आठवेना."

तरीही यशवंतराव खचले नाहीत. सिनेमा सुटल्यावर खाली चहा घेताना त्यांनी स्टँडवरच्या माईकचा जुना आवाज काढला. "मीना… त्या दिवशी तुझ्या दारात… मी प्यायलो नव्हतो."

"कुठल्या दिवशी?"

"तुझ्या अण्णांनी मला नळाखाली धरलं, त्या दिवशी. सोंग होतं ते. दिपकचा तुझ्यावर जीव आहे हे मला कळलं होतं. म्हणून मी बाजूला झालो."

दिपकरावांचा चहा बशीत सांडला. "काय बे यशा! आमचं तर तिच्या डी.एड.च्या पहिल्याच वर्षी ठरलं होतं की. दोन्ही घरी माहीत होतं. माझी नोकरीची ऑर्डर यायची तेवढी राहिली होती."

"मग मला सिनेमाला कशाला नेलं?"

"अण्णा म्हणायचे, यशवंतदादा बरोबर असेल तरच जा," मीनाताई म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे तुम्ही पीतच नाही? कधीच? अहो, आमच्या पोराच्या हळदीला तुम्हाला बोलावलं नव्हतं, ते यासाठीच की. तिथं पोरं बाटल्या आणतात. म्हटलं, बिचाऱ्यांची सुटलीय, पुन्हा लागायला नको."

यशवंतराव खिशातल्या रुमालाने सांडलेला चहा पुसू लागले. छबूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. हसणं ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "मला बी लग्नाआदी केममदी सांगितलं हुतं, पोरगा पितो म्हनून. वरीसभर ह्ये ड्युटीवरनं आले की मी जवळ जाऊन वास घ्यायची. ह्यांना वाटायचं, माया करती."

ही बातमी यशवंतरावांना सगळ्यात जास्त लागली.

त्यानंतर बरेच दिवस ते स्टँडवर नेहमीच्या चहाला गेले नाहीत. खुर्ची भिंतीकडे करून बसत. छबूबाईंनी दोनदा सांगून पाहिलं, की कुणी मेलं न्हाय, उठा. एका सकाळी ते आपणहून त्यांच्याजवळ चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, येऊन उभे राहिले.

"छबू, मी सारखं ते मीनाचं सांगायचो. तुला वाईट वाटायचं का गं?"

"पैल्यांदा वाटायचं की. लई वाटायचं." त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. "मग म्हनलं, लोकांचे नवरे दारू पित्यात, आपला गोष्ट सांगतो. असू दे."

यशवंतरावांनी ताट घेतलं, आणि छबूबाई जेवेपर्यंत स्वतः जेवायचे थांबले. असं त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं. छबूबाईंना वाटलं, बरं नसेल.

पण माणूस शेवटी कंट्रोलर. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा स्टँडवरच्या टपरीवर हजर झाले आणि ड्रायव्हर लोकांना त्यागाची सुधारित आवृत्ती ऐकवली. "गरज असताना त्याग कुणीही करतो बे," ते म्हणाले, "कुणालाच नको असताना करून दाखवा!" हे मात्र आपल्याच्याने व्हायचं नाही, असं सगळ्यांनी कबूल केलं. चहाचे पैसे नेहमीप्रमाणे नव्या कंडक्टरने दिले.

छबूबाईंना मॉलमधल्या गार हवेची गोडी लागली. आता महिन्यातून एकदा त्या आणि मीनाताई दोघीच मारामारीच्या सिनेमाला जातात. यशवंतराव त्यांना रिक्षापर्यंत सोडायला येतात. एकदा त्यांनी घुटमळत विचारलं, "मी येऊ का?"

"नगं," छबूबाई आत सरकत म्हणाल्या, "तुमी मनाला लावून घेता."

रिक्षा निघून गेली.